मला वाटलं, तो म्हणाला, मी गेलो होतो : ही वाक्यं इंग्रजीत नेताना

माझ्या संध्याकाळच्या वर्गातला एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीला बसला होता. व्हिडिओ कॉलवर पलीकडे परदेशातला माणूस होता. मुलगा म्हणाला, 'आय हॅड वर्क्ड इन वाळूज फॉर टू इयर्स.' समोरचा माणूस गप्प राहिला, पुढचं वाक्य येईल म्हणून थांबला. मुलाला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यानं तेच वाक्य मोठ्यानं परत म्हटलं. 'अँड देन?' असा प्रश्न आला, तेव्हा मात्र मुलगा गोंधळला, कारण त्याचं सांगून झालं होतं.

मराठीत त्याचं वाक्य अगदी बरोबर होतं : 'मी वाळूजला दोन वर्षं काम केलं होतं.' तेच त्यानं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं. परभणी, लातूर, बीड, जालना, कुठलीही मुलं घ्या, हीच चूक करतात. मनात आलेलं, दुसऱ्यानं बोललेलं आणि आपण अनुभवलेलं सांगताना मराठी आणि इंग्रजी वेगळ्या जागी उभ्या राहतात. मराठीत आपण ऐकणाऱ्याला त्या क्षणात घेऊन जातो : 'तो म्हणाला, मी येतो.' जणू तो समोर उभा राहून बोलतोय. इंग्रजी बोलणारा मात्र आज जिथं उभा आहे तिथूनच मागं बघून सांगतो. ही जागा एकदा पक्की झाली की पुढचं सगळं सोपं जातं. म्हणून खालचे टप्पे सोडून उड्या मारू नका, क्रमानंच करा.

तयारी : दोन दिवस इंग्रजी लिहायचंच नाही

एक वही घ्या. दोन दिवस आपण घरात, गाडीत, फोनवर जे बोलतो त्यातली 'वाटलं', 'म्हणाला', 'गेलो होतो' असली वाक्यं जशीच्या तशी उतरवा. पुस्तकी मराठीत नको, घरच्या बोलीत. 'मला वाटायलंय पाऊस येईल.' 'तो यायलाय म्हणला.' 'मी काल जालन्याला गेलतो.' जमत असेल तर फोनवर आवाज भरून ठेवा आणि रात्री ऐकून लिहा.

एवढा आग्रह कशासाठी, तर चूक बोलीतूनच येते. 'गेलतो' या एका शब्दात 'होतो' दडलेला आहे. कागदावर तो मोकळा करून 'गेलो होतो' लिहिला की मग दिसतं, 'हॅड' कुठून आलं ते. तसंच 'वाटायलंय' मधलं 'यलंय'. तोच इंग्रजीत जाऊन 'आय ॲम थिंकिंग' होतो.

वीसेक वाक्यं झाली की थांबा. प्रत्येक वाक्यापुढं एकच खूण करा : मनातलं, ऐकलेलं की घडलेलं.

टप्पा १ : 'वाटणं' आणि 'विचार करणं' वेगळं काढा

आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी बहुतेक वेळा 'थिंक' एकटंच येतं आणि फरक काळाच्या रूपानं दाखवला जातो. वाटतं म्हणजे मत. त्यासाठी साधं रूप : 'आय थिंक इट्स गोइंग टू रेन.' विचार करतोय म्हणजे डोक्यात काम चालू आहे. त्यासाठी चालू रूप : 'आय ॲम थिंकिंग अबाउट द जॉब', किंवा काही करायचा विचार असेल तर 'आय ॲम थिंकिंग ऑफ मूव्हिंग टू पुणे.'

मराठवाड्यातल्या माणसाला इथं जास्त सांभाळावं लागतं, कारण 'वाटायलंय', 'कळायलंय', 'पाहिजे झालंय' अशी चालू रूपं आपण सहज वापरतो. म्हणून 'आय ॲम थिंकिंग दॅट ही इज ऑनेस्ट', 'आय ॲम नोइंग हिम' अशी वाक्यं निघतात. नो, बिलीव्ह, अंडरस्टँड, वाँट, मताच्या अर्थाचं थिंक : यांना चालू रूप साधारणपणे लागत नाही.

नकाराची जागाही बघा. 'तो येईल असं मला वाटत नाही' या वाक्यात आपण नकार वाटण्याला जोडतो, इंग्रजी बोलणाराही तेच करतो : 'आय डोन्ट थिंक ही'ल कम.' पण आपली मुलं पुष्कळदा 'आय थिंक ही विल नॉट कम' म्हणतात. व्याकरणात ते बसतं, पण रोजच्या बोलण्यात जड वाटतं, कधी ठासून सांगितल्यासारखंही.

तपासणी : मराठी वाक्यात 'वाटतं' च्या जागी 'माझ्या मते' ठेवून बघा. बसलं तर साधं रूप.

टप्पा २ : 'मला वाटलं'

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं वेळ द्या.

'मला वाटलं तू घरी आहेस.' मराठीत दुसऱ्या भागात 'आहेस' तसंच राहतं, कारण आपण त्या क्षणात जाऊन बोलतो. इंग्रजीत सांगणारा आजच्या जागेवर उभा आहे आणि ते वाटणं मागं पडलंय, म्हणून दुसरा भागही मागं जातो : 'आय थॉट यू वर ॲट होम.' आपली मुलं म्हणतात, 'आय थॉट यू आर ॲट होम.' ऐकणारा समजून घेतो, पण वाक्य अडखळतं.

'मला वाटलं तो येईल' याचं 'आय थॉट ही'ड कम', म्हणजे 'ही वुड कम'. 'मला वाटलं गाडी गेली' याचं 'आय थॉट द बस हॅड लेफ्ट'. 'मला वाटलं जमेल' याचं 'आय थॉट आय कुड मॅनेज'. आहे मागं गेलं की वॉज किंवा वर, विल मागं गेलं की वुड, कॅन मागं गेलं की कुड, आणि आधीच होऊन गेलेलं असेल तर हॅड.

यात एक बारकावा आहे. 'आय थॉट' जोर देऊन म्हटलं की इंग्रजी ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं, ते खरं निघालं नाही. 'आय थॉट यू लिव्ड इन बीड' म्हणजे तुम्ही बीडला राहता असं मला वाटत होतं, पण दिसतंय तसं नाही. मग आपण जेव्हा 'मला वाटलंच होतं!' म्हणतो, त्या 'च' चं काय करायचं? तिथं उलट आहे, आपलं वाटणं खरं ठरलं. म्हणून 'आय न्यू इट!' किंवा शांतपणे 'आय थॉट सो.' 'मला वाटलं' आणि 'मला वाटलंच' मध्ये एका अक्षराचा फरक आहे, इंग्रजीत पूर्ण वाक्य बदलतं. वहीतल्या अशा वाक्यांखाली आत्ताच रेघ मारा.

सावधान : 'की' दिसला म्हणून दर वेळी 'दॅट' घालू नका. थिंक, नो, से यांच्यानंतर रोजच्या बोलण्यात तो बहुधा गळतो. चूक नाही, पण प्रत्येक वाक्यात आला की भाषणासारखं वाटतं.

टप्पा ३ : 'तो म्हणाला'

माझ्या एका विद्यार्थिनीनं एका ऑफिसात फोन करून सांगितलं, 'माय फादर सेड आय विल कम ऑन मंडे.' तिच्या डोक्यात होतं, 'वडील म्हणाले, मी सोमवारी येतो.' पलीकडच्या बाईंनी सोमवारी तिची वाट बघितली आणि आले वडील. वाक्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. 'मी' कोणाचा, एवढंच फिरवायचं राहिलं होतं.

म्हणून दुसऱ्याचं बोलणं सांगताना तीन गोष्टी याच क्रमानं करा.

पहिल्यांदा माणूस बदला. वडिलांचा 'मी' माझ्या तोंडून 'ही' होतो. मग काळ मागं न्या : विल चं वुड. शेवटी दिवस आणि जागा बघा. 'माय फादर सेड ही वुड कम ऑन मंडे.' मुलं शाळेत पाठ केल्याप्रमाणे आधी काळ बदलतात आणि माणूस विसरतात. काळ चुकला तर फक्त कानाला खटकतं, पण माणूस चुकला तर अर्थच फिरतो. म्हणून माणूस आधी.

दिवसाच्या बाबतीत शाळेतला तक्ता डोळे झाकून वापरू नका. 'टुमॉरो' चं 'द नेक्स्ट डे' तेव्हाच, जेव्हा तो उद्या आता उद्या राहिलेला नाही. सकाळी काका म्हणाले, उद्या येतो, आणि आपण दुपारीच सांगतोय, तर 'अंकल सेड ही'ड कम टुमॉरो' हेच बरोबर.

जे अजून खरं आहे ते मागं न नेलं तरी चालतं. वेरूळला गाइडनं सांगितलेलं आपण असं सांगू शकतो : 'द गाइड सेड द कैलास टेंपल इज कार्व्ह्ड आउट ऑफ अ सिंगल रॉक.' लेणं अजून तिथंच आहे, एकाच खडकातलं आहे, म्हणून 'इज'. 'वॉज' म्हटलं तरी चूक नाही. आणि 'आई म्हणते' असं वर्तमानात असेल, 'मदर सेज', तर पुढं काही मागं न्यायचंच नाही.

सेड आणि टोल्ड यांची गल्लत मात्र आजच्या आज थांबवा. टोल्ड नंतर लगेच माणूस हवा, मध्ये 'टू' नको : 'ही टोल्ड मी.' सेड ला माणूस लागत नाही, लावायचाच तर 'टू' सकट. 'ही टोल्ड टू मी' आणि 'ही सेड मी' ही दोन्ही आपल्याकडची नेहमीची घसरण.

कोणी काही करायला सांगितलं असेल तर वाक्य आणखी आखूड होतं. 'सर म्हणाले, अर्ज आजच भर' याचं 'सर टोल्ड मी टू फिल इन द फॉर्म टुडे.' इथं 'दॅट' नको, 'सेड' नको.

आता 'म्हणे'. 'तो म्हणे नांदेडला गेला.' आपला 'म्हणे' किती कामाचा आहे! बातमी ऐकीव आहे, जबाबदारी माझी नाही, हे सगळं त्यात येतं. त्यासाठी वाक्याच्या शेवटी 'इट सीम्स' जोडायची सवय आपल्याकडे ऐकू येते : 'ही हॅज गॉन टू नांदेड, इट सीम्स.' इंग्रजी मातृभाषा असलेल्याला त्यातून 'मला असं दिसतंय' हा अर्थ लागतो, ऐकीव असल्याचा नाही. 'अपॅरन्टली, ही'ज गॉन टू नांदेड' किंवा 'आय हर्ड ही'ज गॉन टू नांदेड' म्हणा.

तपासणी : वाक्यातला प्रत्येक 'आय' बोटानं दाखवा आणि विचारा, हा मीच का? नसेल तर बदला.

टप्पा ४ : प्रश्न पोटात असेल तर

हा छोटा टप्पा आहे, पण गाळू नका. 'तो कुठं आहे मला माहीत नाही' हे मुलं 'आय डोन्ट नो वेअर इज ही' असं नेतात. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, शब्द सरळ होतात : 'आय डोन्ट नो वेअर ही इज.' मागच्या काळात 'आय वंडर्ड वेअर ही वॉज.' आणि हो-नाहीचा 'का' असेल तर 'इफ' : 'शी आस्क्ड मी इफ आय वॉज फ्री', मोकळा आहेस का म्हणून तिनं विचारलं.

टप्पा ५ : 'गेलो होतो' मधला 'होतो' तपासा

मुलाखतीतल्या मुलाची गाठ इथंच पडली होती.

मराठीत 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे पूर्ण वाक्य आहे. गेलो आणि परत आलो, ती गोष्ट आता संपली, एवढं तो 'होतो' सांगतो. पुढं काही यायलाच हवं असं नाही. इंग्रजीतला 'हॅड' तसा एकटा उभा राहत नाही. तो म्हणतो : दुसरी एक मागची गोष्ट आहे, ही तिच्याही आधीची. म्हणून 'आय हॅड वर्क्ड इन वाळूज' ऐकल्यावर समोरचा ती दुसरी गोष्ट कधी येते याची वाट बघतो.

ओळखायची रीत सोपी आहे. 'होतो' म्हटल्यावर स्वतःला विचारा : कशाच्या आधी? उत्तर वाक्यात किंवा शेजारच्या वाक्यात असेल तरच हॅड. 'मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.' कशाच्या आधी? पोचण्याच्या आधी. म्हणून 'व्हेन आय गॉट टू द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' 'काल जालन्याला गेलतो.' कशाच्या आधी? काहीच नाही. म्हणून 'आय वेंट टू जालना येस्टरडे.'

वहीतली घडलेल्या गोष्टींची सगळी वाक्यं या एका प्रश्नातून काढा. बहुतेक ठिकाणचा 'हॅड' गळून पडेल.

टप्पा ६ : अनुभव सांगताना आधी दार, मग तपशील

इंग्रजीत अनुभव साधारण असा सांगितला जातो : आधी एका वाक्यात दार उघडायचं, मग आत जाऊन तपशील द्यायचा. दाराला हॅव, तपशिलाला साधा भूतकाळ.

'अजिंठा पाहिलाय का?' : 'हॅव यू एव्हर बीन टू अजंठा?' 'येस, आय हॅव.' झालं, दार उघडलं. पुढं 'कधी' आलं की हॅव संपलं : 'आय वेंट लास्ट यिअर. वी वॉक्ड फ्रॉम केव्ह टू केव्ह ऑल डे.' मुलं एकतर सुरुवातीपासून शेवटपर्यंत हॅव चालवतात, नाहीतर दारच न उघडता तपशिलात शिरतात.

ठरलेली वेळ आणि हॅव एकत्र नांदत नाहीत. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, हे सांगताना साल आलं, म्हणजे 'इन २०१६, वॉटर केम टू लातूर बाय ट्रेन.' 'हॅज कम' नाही. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' ही रोज ऐकू येणारी चूक याच जातकुळीतली. अमेरिकेत 'जेवलास का?' ला 'डिड यू ईट यट?' ही चालतं, ब्रिटनमध्ये 'हॅव यू ईटन यट?' जास्त. दोन्ही ऐकाल, घाबरू नका.

'बीन' आणि 'गॉन' मध्ये गफलत करू नका. 'ही'ज बीन टू मुंबई' म्हणजे जाऊन आलाय. 'ही'ज गॉन टू मुंबई' म्हणजे अजून तिकडेच आहे.

'पासून' ला दोन वाटा आहेत. दोन वर्षांपासून, म्हणजे किती काळ, तिथं 'फॉर'. २०२१ पासून, म्हणजे कुठून सुरू, तिथं 'सिन्स'. आणि काम अजून चालू असेल तर 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' नव्हे, 'आय'व्ह बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.' मुलाखतीत हे एक वाक्य बरोबर आलं तरी समोरच्याला कळतं, तुम्ही नोकरी सोडली आहे की नाही. वाळूजच्या त्या मुलाची नोकरी सुटली होती, म्हणून त्याला एवढंच हवं होतं : 'आय वर्क्ड इन वाळूज फॉर टू इयर्स.'

लहानपणी जे रोज करायचो त्याला 'यूज्ड टू' : 'आय यूज्ड टू गो टू द फार्म विथ माय ग्रँडफादर.' हे संपलेल्या सवयीसाठीच आहे. रोज पाचला उठणारा माणूस 'आय यूज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह' म्हणाला, की आता उठत नाही असा अर्थ होतो.

आठवण्यातही एक फरक आहे, तो मराठीत आधीच आहे, फक्त जोडायचा. 'कुलूप लावल्याचं आठवतंय' : 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर.' 'आठवणीनं कुलूप लावलं' : 'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर.'

टप्पा ७ : एक पूर्ण आठवण नेऊन बघा

सुट्या वाक्यांवर हात बसला की घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाची खरी आठवण घ्या. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. लातूर-धाराशिवकडच्या घरांत ती रात्र आजही सांगितली जाते. औशाकडचा माणूस ती साधारण अशी सांगतो :

'आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून आम्ही उशिरा झोपलो होतो. पहाटे चारच्या सुमाराला घर हलायला लागलं. मला वाटलं बाहेरून ट्रक चाललाय. वडील म्हणाले, बाहेर पळा. तसा आवाज मी परत कधी ऐकला नाही.'

आता एकेक वाक्य टप्प्यांतून काढा. 'झोपलो होतो' : कशाच्या आधी? घर हलण्याच्या आधी. इथं हॅड खरंच लागतो. 'वी हॅड गॉन टू बेड लेट.' घर हलायला लागलं, वेळ ठरलेली : 'अराउंड फोर, द हाउस स्टार्टेड शेकिंग.' मराठीतला 'चाललाय' मागं न्यायचा : 'आय थॉट अ ट्रक वॉज गोइंग पास्ट.' वडिलांनी करायला सांगितलं : 'माय फादर टोल्ड अस टू रन आउटसाइड.'

शेवटचं वाक्य मुलं बहुतेक वेळा 'आय डिड नॉट हिअर' असं करतात. तिथं थांबा. 'परत कधी नाही' म्हणजे त्या रात्रीपासून आज बोलतोय त्या क्षणापर्यंत. सांगणारा आजच्या जागेवरूनच बोलतोय, आणि ती रात्र त्याच्यासाठी अजून बंद झालेली नाही : 'आय हॅव नेव्हर हर्ड अ साउंड लाइक दॅट सिन्स.'